महिलांची राखीव जागा आणि तृतीयपंथी उमेदवार

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर उमेदवारी अर्ज भरला होता. त्या तृतीयपंथी आहेत, या कारणास्तव डिसेंबर २०२० मधील छाननीत तो फेटाळण्यात आला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. न्या. रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय रद्द ठरवून त्यांना निवडणूक लढविण्याची मुभा दिली. आपण आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे व सोयीनुसार ती बदलणार नाही, हे त्यांचे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य धरले.

स्त्री कोण, हे छाननीच्या टेबलावर ठरवायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच याचे उत्तर दिले होते. आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्या त्या व्यक्तीचा असून त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर आहे, असा तो निर्णय होता. २०१९ च्या अधिनियमानेही स्वतःला जाणवलेली ओळख मान्य केली. मात्र प्रमाणपत्राचे टप्पे त्याने दोन केले. ‘तृतीयपंथी’ अशा नोंदीचे प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी शपथपत्रावरून, वैद्यकीय तपासणीविना द्यावे, असे २०२० च्या नियमांत ठरले. ‘स्त्री’ अशा नोंदीसाठी मात्र शस्त्रक्रियेची अट आली. २०१४ च्या निर्णयाशी ही अट जुळत नाही, हे मान्य करावयास हवे. भादलीच्या प्रकरणात न्यायालयाने भर दिला तो अर्जदाराच्या स्वतःच्या निवडीवर.

मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झाले. अंजली निवडून आल्या.