तांबडी दोरी

बँकेत असताना मी होड्यांच्या यंत्रांसाठी कितीतरी कर्जे मंजूर केली. यंत्राचा क्रमांक, विमा, दोन जामीनदार, कागद चोख! 1996 साली अशाच एका पाहणीसाठी मालवणजवळच्या देवबागेत गेलो. कर्जदार तरुण पोरगा. होडीच्या पाठीमागे टांगलेल्या यंत्राचा दांडा धरून ऐटीत उभा. कर्ली नदीच्या मुखाशी, ओहोटीचे पाणी समुद्राच्या लाटांना भिडते तिथे, होडी उसळली आणि पोरगा पाण्यात!

यंत्र मात्र चालूच. मोकाट होडी गोल फिरत त्याच्याच रोखाने परत येऊ लागली. पाण्याखाली पंखा गरगरत होता आणि यंत्र बंद कसे करायचे, हे कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबाला ठाऊक नव्हते! ‘‘सायबानू, ती तांबडी दोरी ओढा!’’ तो ओरडला. ओढली. यंत्र थांबले तेव्हा होडी त्याच्यापासून चार हातांवर होती.

खरे तर ती दोरी चालवणाऱ्याने मनगटाला किंवा मांडीला अडकवायची असते. माणूस पडला की ती निसटते, यंत्र आपोआप थांबते. त्याने ती यंत्रालाच गुंडाळली होती. लाइफ जॅकेट अंगात हवे. इंधनाचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिलकीत हवा. पण होडीत मागे माणूसच उरला नाही, तर त्या क्षणी कामाला येते ती दोरीच.

परतताना त्याने ती मुकाट्याने मनगटाला बांधली. माझ्या फायलीत कर्जाला दोन जामीनदार होते. जिवाला जामीन कोण, हा रकाना आमच्या अर्जात नव्हताच.