प्लॅस्टिक पिशवीबंदी आणि किरकोळ विक्रेता : महाराष्ट्रातील अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना :

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील नाले तुंबले आणि प्लॅस्टिक पिशवीचा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आला. २००६ च्या राज्य नियमांनी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हँडल असलेल्या व नसलेल्या सर्वच पिशव्यांवर बंदी आली व २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. ही बंदी बाजारातील किरकोळ विक्रेत्याच्या व्यवहारात कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विक्रेत्याचे अर्थकारण :

पिशवी हा विक्रेत्याच्या दृष्टीने माल नसून खर्च होय. भाजीवाला ती फुकट देतो, कारण शेजारचा देतो. सर्वांनी एकाच वेळी देणे थांबविले तर त्याची बचतच होते. म्हणूनच विक्रेत्यांचा बंदीला विरोध असतो, हे सर्रास केले जाणारे विधान अर्धेच खरे आहे. अडचण उद्भवते ती बंदी सर्वांवर सारखी न पडल्यास. एका मंडईत तपासणी झाली आणि पुढच्या चौकातील हातगाडीवर पिशवी मिळत राहिली, की गिऱ्हाईक तिकडे वळते व नियम पाळणाऱ्याचाच तोटा होतो. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये व तिसऱ्यास २५,००० रुपये आणि तीन महिने कैद, असे शिक्षेचे स्वरूप आहे. पाटीवर बसणाऱ्या बाईचे दिवसाचे भांडवलही पुष्कळदा एवढे नसते. मग पिशवी नाहीशी होण्याऐवजी पाटीखाली जाते.

मालाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. कांदे-बटाटे कापडी पिशवीत सहज मावतात. मासळी, दही, इडलीचे पीठ यांना डबा लागतो. घरून बाजारास निघणारे गिऱ्हाईक डबा आणू शकते. परंतु कामावरून परतताना स्टेशनबाहेर खरेदी करणाऱ्याजवळ तो नसतो, आणि शहरांतील बरीचशी खरेदी आता याच वेळी होते.

नियमांतील विसंगती :

कारवाई सुरू झाल्यानंतर आठवडाभरातच किराणा दुकानदारांना ५० मायक्रॉनहून जाड वेष्टनात जिन्नस बांधण्याची सवलत मिळाली. कंपनीच्या सीलबंद पुड्यांना तर आरंभापासूनच मुभा होती. म्हणजे शेजारच्या दुकानातील बिस्किटांचा पुडा वैध आणि कोथिंबिरीची पिशवी मात्र गुन्हा! हा भेद विक्रेत्यास पटवून देणे कठीण आहे.

केंद्रीय नियमांचा भर जाडीवर राहिला. पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, तर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरली. हा फरक बोटांनी चाचपून कळण्यासारखा नाही. मापक असतो तो निरीक्षकाकडे. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकल-वापर वस्तूंच्या यादीत चमचे, पेले, स्ट्रॉ आहेत, पिशवी नाही.

पिशवीला किंमत लावण्याचा प्रयत्नही झाला होता. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने व फेरीवाल्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून वर्षास किमान ४८,००० रुपये, म्हणजे महिन्यास ४,००० रुपये भरावयाचे होते. मार्च २०१८ मध्ये ही तरतूद वगळण्यात आली.