रानातले हाड आणि राखणीचा कुत्रा

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस बोरिवली व गोरेगाव आणि पूर्वेस भांडुप व मुलुंड ही उपनगरे वसली आहेत. रानाच्या कडेला असलेल्या पाड्यांत, गोठ्यांत व भाजीच्या वाड्यांत राखणीसाठी कुत्रा पाळण्याची रीत जुनी आहे. बिबट्याने मारलेल्या चितळाचे हाड असा कुत्रा कधी कधी तोंडात धरून अंगणात येतो. त्याला फुकटचे खाणे मिळाले असे समजून घरची मंडळी तिकडे दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष महागात पडण्याजोगे आहे.

पूर्वी शिकारीचे मांस घरी आले की हाडे कुत्र्यापुढे टाकली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर तो काळ संपला. रानात मेलेले चितळ किंवा सांबर हेदेखील शासनाची मालमत्ता ठरते. त्याचा भाग हाती आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यास अथवा वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. म्हणून मृत जनावर दिसल्यास त्यास हात न लावता वनरक्षकास वर्दी द्यावी आणि कुत्रा बांधून ठेवावा.

कायद्याइतकेच आरोग्याचेही कारण बलवत्तर आहे. नुसत्या हाडापेक्षा त्यासोबत येणारे काळीज व फुप्फुस अधिक घातक असते. चरणाऱ्या जनावरांच्या या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या इकायनोकोकस नावाच्या पट्टकृमीच्या होत. कुत्र्याने अशी गाठ कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात आणि सुमारे सहा-सात आठवड्यांनी विष्ठेतून त्यांची अंडी पडू लागतात. कुत्रा मात्र धडधाकट दिसतो. घोटाळा होतो तो इथेच. अंडी त्याच्या केसांना, अंगणातील मातीला व पालेभाजीला चिकटतात. कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवावयास बसलेल्या मुलाच्या पोटात ती गेली, तर त्याच्या यकृतात वा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. हा धोका केवळ रानातल्या जनावरांचा नाही. घरी कापलेल्या बकऱ्याच्या बाबतीतही तोच आहे. गाठी असलेले अवयव खोल पुरावेत किंवा जाळून टाकावेत. इतर काळीज-फुप्फुस कुत्र्यास द्यावयाचे असल्यास लहान तुकडे करून निदान अर्धा तास खळखळ उकळावे. कृमिनाशक औषधात प्राझिक्वांटेल असावे; त्याची मात्रा व वेळापत्रक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

आता हाडाविषयी. शिजलेले हाड ठिसूळ होते व त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात. कोंबडीच्या तंगडीचे शिजलेले हाड तर मुळीच देऊ नये. कच्चे हाड तेवढे फुटत नसले तरी त्यातून रोगजंतू येतात, आणि बैल-म्हशीच्या मांडीचे टणक हाड चावताना दाढ फुटते. नळीच्या हाडाची चकती खालच्या जबड्यात अडकून बसल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना परिचित आहेत. तेव्हा दुकानातून आणलेली हाडे उकळावीत, गाळून हाडे बाजूस काढावीत आणि तो रस्सा भाकरीवर ओतावा, हाच सर्वांत सोयीचा मार्ग. रश्श्यात कांदा-लसूण घालू नये. ते कुत्र्यास अपायकारक असतात. तरीही कच्चे हाड देण्याचा आग्रह असेल, तर ते कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढे मोठे असावे, समोर बसून द्यावे आणि थोड्या वेळाने काढून घ्यावे.

उरलेली हाडे अंगणाबाहेर फेकण्याची सवयही सोडावी. त्यांवर भटकी कुत्री जमतात, आणि कुत्रा हे या भागातील बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. राखणीचा कुत्रा रात्री गोठ्याच्या आत, दार लावून ठेवावा.

हाड खाल्ल्यावर कुत्रा वारंवार ओकारी काढू लागला, लाळ गाळू लागला, पंजाने तोंड ओरबाडू लागला किंवा कुंथूनही त्यास शौचास होईना, तर घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजून ओकविणे किंवा भाकरीचे घास कोंबून हाड खाली ढकलणे हे उपाय करू नयेत. टोकदार हाड त्याने आतडे फाडते. कुत्र्यास काही खावयास न देता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे आणि कोणत्या जनावराचे हाड केव्हा खाल्ले ते सांगावे. रानातले हाड असल्यास तेही लपवू नये.