क्रीडापानाचे गाव

देशभरच्या वाचकांसाठी लिहिताना क्रीडापत्रकाराचे स्वतःचे शहर मजकुरात मोठे होत जाते आणि बाकीचा देश आपोआप लहान होतो. या झुकावाला मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत वेगळे नाव नाही. ‘लोकल अँगल’ हा शब्द मात्र रोज कानावर पडतो, आणि तो कौतुकाने उच्चारला जातो. कोल्हापूरच्या दैनिकाने कोल्हापूरच्या नेमबाजाला पहिल्या पानावर घेतले तर त्यात गैर काहीच नाही. तिथला वाचक त्यासाठीच तो अंक विकत घेतो. प्रश्न येतो तो राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पानाचा. तिथे एका शहराची आवड साऱ्या देशाची आवड म्हणून छापली जाते आणि वाचकाला त्याचा पत्ता नसतो.

हे सर्वांत लख्ख दिसते ते रणजी करंडकाच्या दिवसांत. स्पर्धेत ३८ संघ आहेत, म्हणजे पूर्ण फेरीत एकाच वेळी १९ सामने चालू असतात. संध्याकाळी दिवसाचा खेळ थांबला की वृत्तसंस्थेच्या कॉप्या डेस्कवर येऊ लागतात: गुवाहाटी, कटक, राजकोट, लाहली. पान एकच, आणि त्याचा मोठा तुकडा जाहिरातीने दुपारीच घेतलेला. घरच्या संघाचा सामना स्वतःच्या प्रतिनिधीने मैदानावरून पाठवलेला असतो. त्याला चार कॉलम आणि छायाचित्र. आणखी दोन-तीन सामन्यांना एकेक परिच्छेद मिळतो. उरलेले सगळे तळाशी, ‘संक्षिप्त धावफलक’ या चौकटीत.

ही चौकट नीट वाचण्यासारखी असते. एका डावाला एक-दोन ओळी: संघाचे नाव, धावसंख्या, मग कंसात दोन-तीन फलंदाज आणि एखादा गोलंदाज. ओळ लांबली की उपसंपादक एक नाव उडवतो. घरच्या संघाच्या ओळीत ४० धावांवर बाद झालेला सलामीवीरही टिकून राहतो. लांबच्या संघाच्या ओळीत ७० धावा करणारा कापला जातो. कापणाऱ्याच्या मनात आकस नसतो. ते नाव त्याच्या ओळखीचे नसते, एवढेच. पण पाच मोसम असेच चालले तर ते नाव कोणाच्याच ओळखीचे होत नाही, आणि सहाव्या मोसमात त्या खेळाडूला कोणी ‘अनोळखी चेहरा’ म्हणते तेव्हा ते खरेच असते. पक्षपात म्हटले की लोकांना रागावलेला स्तंभलेखक आठवतो. त्याचा खरा साठा या चौकटीत असतो, कारण स्तंभातल्या मताशी वाद घालता येतो. न छापलेल्या नावाशी घालता येत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीच्या मैदानावर गोव्याने राजस्थानविरुद्ध ९ बाद ५४७ धावांवर डाव घोषित केला. त्यात गोव्याच्याच सुयश प्रभुदेसाईने २१२ धावा केल्या, तर मुंबई सोडून त्या मोसमात गोव्याकडे आलेल्या अर्जुन तेंडुलकरने रणजी पदार्पणात १२० धावा केल्या. सहाव्या गड्यासाठी दोघांनी दोनशेहून अधिक धावा जोडल्या. देशभर मथळा झाला तो १२० धावांचा. सचिन तेंडुलकर यांनीही डिसेंबर १९८८ मध्ये रणजी पदार्पणातच शतक केले होते. वडील आणि मुलगा यांचा असा योग बातमीच आहे, हे मान्यच करायला हवे. आडनावाचे ओझे वाहत अर्जुनने केलेली ती खेळीही कमी मोलाची नव्हती. तरीही एकाच डावात, एकाच गोलंदाजीसमोर ९२ धावा जास्त काढणारा फलंदाज बातमीच्या चौथ्या-पाचव्या परिच्छेदात ‘दुसऱ्या बाजूने साथ देणारा’ ठरतो, तेव्हा ती बातमी सामन्याची राहत नाही. गोव्यातल्या वाचकाला हे त्या सकाळी जेवढे बोचले असेल, तेवढे इतर कुणाला बोचण्याचे कारण नव्हते. झुकावाचे हेच लक्षण आहे: ज्याच्या बाजूने तो असतो, त्याला तो दिसत नाही.

जागेनंतर येतात शब्द. मुंबईचा फलंदाज दोन सत्रे खेळपट्टीला चिकटून राहिला तर त्याला ‘खडूस’ म्हणतात, आणि घरी शिवी असलेला हा शब्द क्रिकेटच्या पानावर बहुमान होतो. तेवढ्याच चेंडूंत तेवढ्याच धावा बाहेरच्या फलंदाजाने काढल्या तर खेळ ‘रटाळ’ होतो. घरचा गोलंदाज ‘दुर्दैवी’ असतो, परका ‘स्वैर’. संघातून वगळलेल्या घरच्या खेळाडूवर ‘अन्याय’ होतो. बाहेरचा ‘संधीच्या प्रतीक्षेत’ राहतो. यातला एकही शब्द खोटा नसतो, म्हणूनच तो तपासला जात नाही. निवडीच्या दिवशी तर हे अगदी यांत्रिकपणे घडते. यादी आली की डेस्कवरची पहिली नजर आपली नावे मोजते आणि ‘संघात इतके मुंबईकर’ हा मथळा यादी पुरती वाचून व्हायच्या आत तयार असतो. नागपूरच्या आवृत्तीत तीच बातमी विदर्भाच्या नावाने उघडते, पुण्याच्या आवृत्तीत पुणेकराच्या. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ या एकाच राज्यात असल्यामुळे मराठी वृत्तपत्रांना या कामाची सवय इतरांपेक्षा जास्तच आहे.

याची कारणे प्रामाणिक आहेत, हेही सांगायला हवे. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. तिथे शालेय क्रिकेटला हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड, पावसाळ्यात कांगा लीग, कचेऱ्यांसाठी टाइम्स शील्ड असा वर्षभराचा फेरा असतो. आझाद मैदान फोर्टमधल्या कचेऱ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्रीडा प्रतिनिधी दुपारी तिथे उभा राहून संध्याकाळी कॉपी देऊ शकतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. ती देशाला कळली, कारण शाळेच्या सामन्याचा धावफलक लिहून ठेवणारा आणि तो छापणारा असे दोघेही तिथे होते. हे मुंबईच्या पत्रकारांचे श्रेय आहे. पण ज्या गावात असा प्रतिनिधी नाही, तिथल्या मुलाचे काय? महेंद्रसिंग धोनी भारतीय मंडळाच्या नजरेत आला तो वृत्तपत्रांतून नव्हे. मंडळाने लहान केंद्रांतले खेळाडू शोधण्यासाठी गुणवत्ता शोध अधिकारी नेमले होते. त्यांच्यापैकी प्रकाश पोद्दार यांनी त्याला जमशेदपूरमध्ये पाहून अहवाल दिला. क्रीडापानाने जे पाहायला हवे होते, ते पाहण्यासाठी मंडळाला वेगळी माणसे पाठवावी लागली.

हा झुकाव एका मोसमापुरता असता तर चालले असते; पुढे त्याचीच आठवण बनते. पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल हे दोघे डावखुरे फिरकी गोलंदाज एकाच काळात खेळले आणि बिशनसिंग बेदी यांच्यामुळे दोघांनाही कसोटी खेळायला मिळाली नाही. शिवलकर यांचे प्रथम श्रेणीतले बळी ५८९. गोयल यांचे ७५०, आणि त्यातले ६३७ रणजीत. रणजीच्या इतिहासात इतके बळी दुसऱ्या कोणाचेही नाहीत. १९७४ मध्ये बेदींना बंगळूरच्या कसोटीतून वगळले तेव्हा गोयल संघात होते, पण सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. मराठी वाचकाला शिवलकरांची व्यथा पाठ आहे. चेन्नईतल्या १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, हेही अनेकांना तोंडपाठ आहे, आणि ते असायलाच हवे. तशी गोलंदाजी पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे. परंतु ‘कसोटी न खेळलेला सर्वोत्तम फिरकीपटू’ हा विषय निघाला की मुंबईत लिहिलेल्या लेखात शिवलकर मजकुरात असतात आणि गोयल यादीत. रोहतकमध्ये राहून हरयाणासाठी चेंडू टाकत राहिलेल्या माणसाचा दिवस कसा जात असे, त्याच्या बोटांना काय होई, बंगळूरची ती सकाळ त्याने कशी काढली, हे सांगणारे त्या मानाने थोडे. सुनील गावसकर यांनी १९८३ मध्ये आलेल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात मात्र दोघांवरही लिहिले. गावसकर पक्के मुंबईकर. पण गोयल यांना त्यांनी २२ यार्डांवरून पाहिले होते. भारतीय मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दोघांना २०१७ मध्ये एकत्रच दिला. गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर २०२५ मध्ये.

झुकाव कधी कधी पराभवातूनही आपला माणूस शोधून काढतो. २६ जून २०२२ रोजी बंगळूरला मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) आणि रजत पाटीदार (१२२) या तिघांनी शतके केली आणि संघ ५३६ पर्यंत गेला. बातमी मुख्यतः प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची झाली. तिला कारण होते: २३ वर्षांपूर्वी, १९९८-९९ मध्ये, त्याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. कथा सुंदर आहे, आणि मुंबईच्या पानाला ती दुहेरी उपयोगी पडली, कारण पंडित मुंबईचेच. मुंबई हरली तरी विद्या मुंबईचीच जिंकली, असा सूर त्यातून निघाला. तिघा शतकवीरांच्या तयारीबद्दल मुंबईच्या वाचकाला त्या आठवड्यात फारसे काही कळले नाही.

हे मुंबईचेच व्यंग आहे असे मानणेही चूक ठरेल. सौरव गांगुली संघाबाहेर असताना २५ नोव्हेंबर २००५ रोजी ईडन गार्डन्सच्या प्रेक्षकांनी दक्षिण आफ्रिकेला पाठिंबा दिला. भारत दहा गडी राखून हरला. निवड समितीत पाच विभागांचे पाच सदस्य अशी जुनी पद्धत होती, आणि प्रत्येक विभागातल्या पत्रकारांना बातमी देणारा सदस्य बहुधा आपल्याच विभागाचा असे. बातमीचा उगमच विभागवार असला तर बातमी देशाची कशी होणार?

उलट बाजूही आहे, आणि तिला तितकेच वजन द्यायला हवे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले, लिएंडर पेसच्या टेनिसमध्ये. त्याच हेलसिंकीत हॉकी संघाने सुवर्ण जिंकल्यामुळे देशाच्या पानांवर खाशाबांना जागा थोडी मिळाली. त्यांचे गावकरी मात्र बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना घरी घेऊन गेले, आणि पुढची ४४ वर्षे ते नाव राखले ते कराड-कोल्हापूरच्या तालमींनी आणि तिथल्या स्थानिक पत्रांनी. गावाचे प्रेम नसते तर ते नाव हरवलेच असते. राष्ट्रीय पानाने हे प्रेम टाकून देण्याची गरज नाही. ते एकाच गावाचे असू नये, एवढेच.

चांगल्या डेस्कवर यासाठी काही साध्या सवयी दिसतात. मथळ्यातली दोन नावे अदलाबदल करून वाचायची. विशेषण खटकले तर ते काढायचे. शहराचे नाव लावायचे तर सगळ्यांना लावायचे, नाहीतर कोणालाच नाही. दूरच्या सामन्याची कॉपी कापण्याआधी त्या गावचे वृत्तपत्र उघडून पाहायचे, शक्य तर तिथल्या स्कोअररला फोन करायचा. खेळपट्टी कशी होती हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. आणि नाव उडवण्याची वेळ आली तर आधी घरच्या संघाच्या ओळीतले ४० धावांचे नाव उडवायचे. ७० धावांचे एक नाव चौकटीत ठेवायला अर्धी ओळ पुरते.