दाट केसांच्या पाळीव प्राण्यांची निगा

चैत्र संपत आला, की ज्या घरी पांढरे, गुबगुबीत, झुपकेदार शेपटीचे कुत्रे असते, त्या घरी एक विचार हमखास बोलून दाखविला जातो. ऊन तापू लागले; एवढा केसांचा भार या मुक्या जिवाला कसा सोसवेल? तेव्हा त्याचे केस एकदाचे उतरवून टाकावेत. हल्ली शहरोशहरी पाळीव प्राण्यांची केशकर्तनालये निघाली आहेत, त्यामुळे हा विचार अमलात येण्यासही वेळ लागत नाही. सकाळी चवरीसारखे डौलदार गेलेले कुत्रे दुपारी भादरलेल्या मेंढरासारखे घरी येते, आणि घरच्यांना वाटते की आता याला गार वाटेल.

हेतू दयेचा असतो, यात शंका नाही. परिणाम मात्र पुष्कळदा उलटा होतो. आपल्याकडे ज्यांना सरसकट पॉमेरेनियन म्हणतात, ती बहुतेक कुत्री वस्तुतः स्पिट्झ जातीची असतात. त्यांच्या व जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्यांच्या अंगावर एकाच प्रकारचे केस नसतात. वर लांब, राठ, किंचित चकाकणारे केस असतात; त्यांच्या बुडाशी, त्वचेला लागून, मऊ आणि दाट लवीचे अस्तर असते. वरचे केस ऊन-पाऊस अडवितात, अस्तर हवा धरून ठेवते, आणि ही धरून ठेवलेली हवा हेच खरे पांघरूण होय. थंडीत ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही; उन्हात बाहेरची धग एकदम त्वचेपर्यंत येऊ देत नाही. ग्वाल्हेरकडे लू वाहू लागली की माणसे डोके व कान उपरण्याने घट्ट बांधूनच घराबाहेर पडतात, त्यातले मर्म हेच.

माणसाला सर्वांगाला घाम येतो, म्हणून अंग उघडे केले की वारा लागून घाम सुकतो व गार वाटते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि तोही नाममात्र. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती धापा टाकून. जीभ, तोंड आणि श्वासाचा मार्ग यांवरील ओलावा हवेबरोबर उडून जातो आणि रक्त थंड होते. तेव्हा पाठीवरचे केस काढल्याने ही क्रिया सुधारत नाही. उलट उघड्या पडलेल्या गोऱ्या त्वचेला ऊन भाजते, आणि अस्तर असलेल्या जातींत केस कधी कधी वर्ष-दीड वर्ष पूर्ववत येत नाहीत. आले तरी विरळ, ठिगळाठिगळांनी येतात.

धापेसंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ओलावा उडून जाण्यास हवा कोरडी लागते. पणजीत मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतो, ग्वाल्हेरला तो ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणून गोव्यातील कुत्र्याला धोका नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. समुद्रकाठच्या दमट हवेत धाप निष्फळ होते. तेथे पारा कमी दिसत असूनही कुत्रे संकटात येऊ शकते.

सर्वच दाट केसांच्या प्राण्यांना हा नियम सारखाच लागू पडतो असे नव्हे. ल्हासा आप्सो, शिह त्झू यांसारख्या कुत्र्यांचे केस माणसाच्या डोक्यावरील केसांप्रमाणे वाढतच राहतात. ते मधूनमधून आखूड करण्यास हरकत नाही, मात्र त्वचा दिसेपर्यंत नव्हे. पायाच्या बोटांमधले व पार्श्वभागाकडचे केस तर स्वच्छतेसाठी कोणत्याही जातीत कापावेच.

मग स्पिट्झचा भार हलका कसा करावा? उत्तर साधे आहे : कात्रीने नव्हे, फणीने. ऋतू पालटताना, मुख्यतः दिवसाच्या लांबीप्रमाणे, जुने अस्तर गळू लागते. घरात रात्री उशिरापर्यंत विजेचे दिवे असतात, त्यामुळे घरकोंड्या कुत्र्याचे केस थोडेथोडे वर्षभरही गळतात. हे गळलेले केस नेहमीच खाली पडत नाहीत. ते वरच्या लांब केसांत अडकून बसतात, त्यांचा नमदा तयार होतो, आणि त्वचेला हवा लागेनाशी होते. कुत्र्याला उन्हाळ्यात जाच होतो तो जिवंत केसांचा नव्हे, या मेलेल्या केसांचा.

विंचरण्याची म्हणून एक रीत आहे. पुष्कळ घरी पाठीवरून वरवर ब्रश फिरविला जातो. केस चकाकतात, कुत्रेही खूश होते, आणि खाली गुंता तसाच राहतो. त्याऐवजी कुत्र्याला सतरंजीवर कुशीवर निजवावे. मागच्या पायापासून आरंभ करावा. डाव्या हाताने केस वर उचलून धरावेत, त्वचेची रेघ दिसली पाहिजे. मग त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडीत फणीने विंचरीत जावे. असे थरावर थर घेत वरपर्यंत यावे. शेवटी रुंद दातांची धातूची फणी बुडापासून टोकापर्यंत अडथळ्यावाचून गेली म्हणजे काम झाले. कानांमागे, पुढच्या पायांच्या काखांत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि गळपट्ट्याखाली गाठी प्रथम होतात, तेव्हा तेथे बोटांनी चाचपून पाहावे. एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि केस गळण्याच्या दिवसांत रोज, एवढे केल्यास पाऊण तासाचे काम दहा-पंधरा मिनिटांवर येते.

गाठ सापडलीच, तर तिचे मूळ दोन बोटांत धरावे, म्हणजे ओढ त्वचेवर येत नाही, आणि टोकाकडून हळूहळू उकलीत जावे. थोडे मक्याचे पीठ चोळल्यास केस सुटण्यास मदत होते. गाठीखाली कात्री सरकवून कापण्याचा मोह अनेकांना होतो व त्यातून जखमा होतात. कारण गाठ ओढली की पातळ त्वचाही तिच्यासवे वर येते आणि केस कोणते, कातडी कोणती, हे कळत नाही. कापणे भागच असेल, तर आधी गाठ व त्वचा यांच्यामध्ये फणी घालावी आणि फणीच्या वरच्या बाजूने कापावे. सर्वांगाचाच नमदा झालेला असेल, तर मात्र तो उकलण्याचा हट्ट धरू नये. अशा वेळी जाणत्या माणसाकडून केस उतरवून घेणे हीच दया.

आंघोळ विंचरल्यानंतर, आधी नव्हे. पाणी लागले की सैल गाठही आवळते. साबण माणसांचा नसावा. कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेइतकी आम्लधर्मी नसते, त्यामुळे आपला साबण तिला कोरडी करून खाज आणतो. कोमट पाण्याने साबण पुरता निघाला की खरे काम पुढेच असते : अंग सुकविणे. कुत्र्याने अंग झाडले, वरचे केस सुकले, म्हणजे ते कोरडे झाले असे नव्हे. अस्तर तासन् तास ओले राहते. बेळगाव किंवा गोवा येथील पावसाळ्यात, घरातले पंचेसुद्धा वाळत नाहीत तेव्हा, या ओल्या अस्तराखाली त्वचा लाल होऊन चिघळते, दुर्गंधी येते. गाठीखाली लपलेल्या जखमेवर माश्या बसल्या, तर अळ्याही पडतात. म्हणून त्या दिवसांत आंघोळी कमी कराव्यात. बाहेरून भिजून आलेल्या कुत्र्याला जुन्या धोतराने टिपून पंख्याखाली बसवावे, आणि केस बोटांनी उलगडून बुडाशी हात लावून पाहावा.

गोचिडांची तपासणी याच वेळी होऊन जाते. कान, मान व बोटांच्या बेचक्या या त्यांच्या आवडीच्या जागा. तपकिरी गोचीड केवळ रक्त पिते असे नाही. तिच्या दंशातून बॅबेसिया, एर्लिकिया यांसारखे प्राणघातक ताप कुत्र्याला होतात. एक मादी काही हजार अंडी घालते, आणि ती कुत्र्यावर नव्हे तर भिंतीच्या भेगांत. तेव्हा घराच्या सांदीफटीही साफ केल्या पाहिजेत. गोचिडांवर रॉकेल चोळण्याची जुनी रीत कातडी जाळणारी आहे, ती सोडावी. कुत्र्यासाठी आणलेले पर्मेथ्रिनयुक्त औषध तर मांजराच्या अंगाला कधीही लावू नये. मांजर त्याने दगावते.

मांजराचा विषय निघालाच आहे, तर पर्शियन मांजराविषयी दोन शब्द. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, त्याच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, म्हणून त्याला विंचरण्याची गरज नाही, असा समज आहे. साध्या मांजराबाबत तो बहुतांशी खरा. पर्शियन मांजराचे लांब केस मात्र त्या काट्यांना आवरत नाहीत. पुष्कळ केस पोटात जातात आणि त्यांचे गोळे होतात. उरलेल्यांचा गुंता होतो. त्याला रोज विंचरावे लागते. या मांजरांना गजकर्णाची बाधाही वारंवार होते. केस जाऊन गोल चट्टा दिसला, तर घरातल्या मुलांना दूर ठेवून पशुवैद्य गाठावा, कारण ही बाधा माणसांनाही होते.

आता पुन्हा उन्हाळ्याकडे. कुत्र्याचा फेरफटका पहाटे किंवा रात्री असावा. दुपारी शहाबादी फरशी, सावली आणि भरपूर पाणी एवढे पुरते. बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. ते १०६ च्या आसपास गेले की जीव धोक्यात येतो. चपट्या नाकाच्या जातींत ही वेळ लवकर येते. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, पाय लटपटले, तर पाणी ओतण्यास लगेच आरंभ करावा. दाट केसांवरून पाणी नुसते ओघळून जाते, त्वचेला लागतच नाही. यासाठी केस हातांनी दुभंगून, पोट व जांघा यांवर विशेषेकरून, ते मुरवावे आणि वारा घालावा. ओला पंचा पांघरून ठेवू नये, तो उष्णता कोंडतो. मग कुत्र्याला दवाखान्यात न्यावे, वाटेत ते सावरल्यासारखे दिसले तरीही; कारण मूत्रपिंडांना झालेली इजा काही वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी प्रकट होते.