हेवी मेटलची गिटार घेताना

मराठीत कविता करणारा माणूस आज हेवी मेटलवर बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. पण शीवमध्ये राहणाऱ्याला हे संगीत अगदीच परकं नाही. इथून मिठी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुल. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्रज बँडनं आपल्या जगदौऱ्याची सुरुवात तिथूनच केली. त्याच्या कितीतरी आधी, १९८६ पासून, धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागलं होतं. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’, ‘भयानक मौत’ हे तर मुंबईचेच बँड. तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरते आणि आईवडिलांना प्रश्न पडतो, की एवढे पैसे नेमके कशावर घालायचे? आज त्याचंच उत्तर शोधू.

इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड सहसा भरीव असतं. नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिचा आवाज घेतो तो तारांखाली बसवलेला पिकअप. हा गिटारचा कान. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा संसार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा चालत नाहीत.

आता मेटलचा तो खरखरीत, जाड आवाज कुठून येतो? अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोराचा विद्युतसंदेश दिला, की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले नवे स्वर त्यात मिसळतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. गंमत अशी, की या कापाकापीत गुंतागुंतीचे स्वरमेळ चिखलासारखे कालवले जातात; टिकतात ते षड्ज आणि पंचम. आपल्या तानपुऱ्याची ही जोडी मेटलवाले ‘पॉवर कॉर्ड’ म्हणून रात्रंदिवस वाजवत असतात.

पण डिस्टॉर्शन सुरासोबत कचराही मोठा करतं. पिकअपची गुंडाळी तारेबरोबरच घरातली वीजही ऐकते. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतली वायर, साऱ्यांची गुणगुण त्यात शिरते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ती गुणगुण खर्जातली. एकाच गुंडाळीच्या पिकअपवर मेटल वाजवू गेलं, तर दोन सुरांमधली शांतता गुणगुणीनं भरून जाते. आणि मेटलची सारी लय त्या शांततेवर उभी असते. तळहाताची कड तारांवर टेकवून, आवाज दाबून वाजवलेले ते तुटक ठोके आठवा.

यावरचा उपाय १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी काढला. दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी, पण वेढे उलट आणि चुंबकही उलट. बाहेरची गुणगुण दोघींत परस्परविरोधी येते आणि फिटते; तारेचा सूर मात्र दोघींत मिळून वाढतो. हा ‘हंबकर’. मेटलसाठी पहिली अट हीच: ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथं गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, पिकअप हंबकर असावा. तिथं आवाज धारदार मिळतो.

हंबकरमध्येही दोन घराणी आहेत. साध्या, म्हणजे पॅसिव्ह पिकअपला बॅटरी लागत नाही. बोटांचा हलका-जड दाब त्यात चांगला उमटतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं अ‍ॅम्प्लिफायर असतं. मेटॅलिकाच्या वादकांनी गाजवलेला ‘ईएमजी ८१’ हा त्याचा नामांकित नमुना. त्याचा आवाज घट्ट आणि गुणगुण फारच कमी. मात्र वाजवून झालं की गिटारची केबल काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी उतरते. साध्याच्या जागी अ‍ॅक्टिव्ह बसवताना आतले व्हॉल्यूमचे पॉटही बदलावे लागतात, तो खर्च आधी विचारावा.

पिकअपनंतरची पायरी तारांची. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा कामगार. १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्या करून सूर खाली आणला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’पासून मेटलचा इतिहास मोजतात. त्याला हलक्या तारा गरजेपोटी लावाव्या लागल्या. आपण सूर खाली आणणार असू तर एक नंबर जाड तारा घ्याव्यात, म्हणजे त्या लडबडत नाहीत.

पेडल घेतलंच, तर ट्यूब स्क्रीमर जातीचं पुरे. त्याचं डिस्टॉर्शन कमी आणि आवाज जास्त ठेवून ते अ‍ॅम्पच्या आधी जोडावं. खर्जाचा फुगवटा कापला जातो. मुशायऱ्यात माइक मोठा केला म्हणून पुटपुटणाऱ्या शायराचे शब्द कळत नाहीत, तसंच इथं. डिस्टॉर्शनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की जडपणा वाढत नाही, ठोके पुसले जातात. चाळीत, दोन खोल्यांच्या घरात मोठा अ‍ॅम्प हवाच असंही नाही. अ‍ॅम्प आणि स्पीकर दोहोंची नक्कल करणारं छोटं यंत्र आणि चांगला हेडफोन यांवर रियाज उत्तम होतो. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले मोठे कार्यक्रम २००३ नंतर बंद पडले. घरच्या रियाजावर तरी ती पाळी येऊ नये.

शेवटची गोष्ट पैशांची नाही, जिवाची आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या इमारतींत कित्येकदा अर्थिंगच नसतं, किंवा प्लगची तिसरी पिन काढून टाकलेली असते. अशा वेळी अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर वीज थेट तारांवर येते. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसी इथं लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मरण पावला. हंबकर गुणगुण थांबवतो, शॉक थांबवत नाही.

म्हणून आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, मग हंबकरची गिटार आणि योग्य तारा, मग अ‍ॅम्प, आणि पेडल सगळ्यांत शेवटी. या क्रमानं गेलात तर थोड्या पैशांतही मुलांना हवा तो आवाज मिळेल, आणि तो कानांत हेडफोन असताना शेजाऱ्यांची झोपही मोडणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)