पंगत बसल्याशिवाय पुऱ्या तळू नका!

दोस्तांनो, लग्नाच्या स्वयंपाकघरात कधी डोकावलंय? तेल तापलेलं असतं, पुऱ्या लाटून तयार असतात, पण मुख्य आचारी कुणाला कढईजवळ फिरकू देत नाही. "आधी पंगत बसू दे, मग सोडा पुऱ्या!" घाई केली तर पुऱ्या वातड होणार आणि ऐन वेळी पीठ संपणार!

तुमच्या मेंदूतही असाच एक आचारी बसलाय, बरं का! त्याचं नाव एफएमआरपी. हे एक प्रथिन आहे. सतराचा पाढा डोक्यात राहतो की उडून जातो, यात त्याचा मोठा हात असतो.

तो कसा? पेशीच्या केंद्रकात डीएनएची भलीमोठी वही असते. ती वही बाहेर न्यायची नाही, असा नियमच! म्हणून हव्या त्या पाककृतीची चिठ्ठीवर नक्कल करतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. त्यात फालतू मजकूरही येतो. तो कापून कामाचे तुकडे जोडावे लागतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ मध्ये ही कापाकापी शोधून काढली, आणि १९९३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

तयार चिठ्ठ्या मेंदूतल्या पेशींच्या लांब फांद्यांमधून पार टोकापर्यंत जातात. तिथे एक पेशी दुसरीला भेटते. तुम्ही काही नवं शिकलात, की त्या जोडावर निरोप येतो, चिठ्ठी वाचली जाते, जागच्या जागी प्रथिन तयार होतं आणि जोड बदलतो, पक्का होतो. निरोप येईपर्यंत चिठ्ठ्या दाबून ठेवायच्या, हे एफएमआरपीचं काम. तो नसला की पंगत बसली असो वा नसो, पुऱ्या सुरूच!

हा आचारी बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर अगदी शेपटीजवळ असतं. त्यात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत तीसेक वेळा. पण काही घराण्यांत ही संख्या वाढत वाढत दोनशेच्या पुढे जाते, आणि मग जनुकाला कुलूपच लागतं. याला म्हणतात फ्रॅजाइल एक्स, म्हणजे ठिसूळ एक्स.

हे नाव कसं पडलं त्याची गंमत ऐका. १९४३ मध्ये ब्रिटनमधल्या मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका घराण्याची नोंद केली. त्यात शिकायला फार जड जाणारे पुष्कळ होते, आणि ते सगळे पुरुष! १९६९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट लब्ज यांना अशाच एका घराण्यात एक्सचं टोक तुटल्यासारखं दिसलं. इतरांनी शोधलं, तर कुणाला दिसायचं, कुणाला नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रँट सदरलँड यांनाही आधी दिसलं आणि नवी प्रयोगशाळा गाठल्यावर गायब! शेवटी त्यांनी पेशी वाढवायचं द्रावणच तपासलं. जुन्या द्रावणात फॉलिक अ‍ॅसिड कमी होतं, नव्यात भरपूर. पेशींना उपाशी ठेवलं तरच ते टोक दिसायचं! हे १९७७ सालचं. जनुक सापडायला १९९१ उजाडलं.

पण मुलग्यांनाच जास्त त्रास का? मुलग्याकडे एक्स एकच. त्यातला आचारी गेला की गेला. मुलीकडे दोन एक्स. मात्र प्रत्येक पेशीत दोनपैकी एक झोपवलेला असतो, असं मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पुरावा हवाय? काळे-नारिंगी पट्टे असलेलं मांजर बघा. बहुतेक ती मांजरीच निघेल, बोका क्वचित! एका पट्ट्यात एक एक्स जागा, शेजारच्यात दुसरा. ठिसूळ एक्स असलेल्या मुलीच्या मेंदूतही तसंच. काही पेशींत आचारी हजर, काहींत गैरहजर. (यावरून मुली हुशार की मुलगे, असलं भांडण वर्गात काढू नका हं. ही गोष्ट फक्त बिघडलेल्या जनुकाची आहे.)

आता मुलींना त्रास कमी, म्हणजे बरंच झालं की! पण इथेच गोची होते. मुलगा उशिरा बोलतो, एका जागी बसत नाही, हात फडफडवतो, त्यामुळे डॉक्टरांकडे लवकर नेला जातो. मुलगी नुसती लाजते, गणितात अडते, अनोळखी माणसापुढे गप्प होते. मग 'ती आळशी आहे' म्हणून सगळे मोकळे! खरं तर रक्ताच्या तपासणीत कळतं. पुरता बरा करणारा उपाय अजून नाही. उंदरांत गुण आलेली काही औषधं माणसांच्या चाचणीत नापास झाली. पण बोलण्याचा सराव आणि समजून शिकवणारे शिक्षक लवकर मिळाले, तर पुष्कळ फरक पडतो.

चिठ्ठ्यांवर नजर ठेवणारे इतरही आहेत. यूपीएफ३बी हे प्रथिन चुकलेल्या चिठ्ठ्या नष्ट करणाऱ्या टोळीतलं. त्याचं जनुकही एक्सवरच! शिकायला जड जाणाऱ्या काही मुलग्यांत ते बिघडल्याचं २००७ मध्ये दिसलं.

आणि आजोबा? ज्यांच्या जनुकात ती अक्षरं ५५ ते २०० वेळा असतात, त्यांचा आचारी कामावर असतो. त्यांचं शिक्षण, नोकरी सगळं सुरळीत. ते आपला एकुलता एक एक्स प्रत्येक मुलीला देतात, मुलग्यांना नाही. मुलीकडून नातवाकडे जाताना संख्या दोनशेपार जाऊ शकते. लोक दोष देतात आईला, तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नसतं. अशा काही आजोबांचे हात पुढे म्हातारपणी थरथरतात, चालताना तोल जातो. याचा नातवाच्या आजाराशी असलेला संबंध २००१ मध्ये अमेरिकेत लक्षात आला. म्हणून नातवाला तपासणारे जाणकार डॉक्टर आईला विचारतात, "तुमच्या वडिलांच्या हातातला चहाचा कप हलतो का हो?"